शेवटची प्रत

लखनौ शहराच्या दक्षिणेस, रायबरेलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तेलीबाग नावाची वस्ती आहे. नावात बाग असली तरी डोळ्यांना दिसतात ती दुकाने, शिकवणीवर्गांच्या पाट्या आणि अखंड वाहणारी वाहने. रविवारी सकाळी येथे कबाडी हातगाडी घेऊन फिरतो. आपल्याकडच्या रद्दीवाल्याचाच हा उत्तरेकडील भाऊ. त्याच्या काट्याला लिपी कळत नाही, भाषा कळत नाही आणि छपाईचे सालही कळत नाही. वर्तमानपत्राचा एक भाव, वह्यापुस्तकांचा दुसरा. एवढाच काय तो भेद तो मानतो. अनेक वर्षे त्याची आरोळी ऐकूनही तिच्याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. ते गेले एका सरकारी कागदामुळे.

या भागातील एका शिक्षणसंस्थेने आपल्या ग्रंथालयातील जुनी बांधीव नियतकालिके बाद करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्यावर एक सदस्य म्हणून मला बसविले. माझ्यापुढे जी यादी आली तिच्यात सात रकाने होते. नियतकालिकाचे नाव, भाषा, वर्ष, खंडांची संख्या, अवस्था, गेल्या पाच वर्षांतील वाचकांची मागणी, आणि अखेरचा रकाना ‘अंकीय प्रत उपलब्ध आहे काय’. या अखेरच्या रकान्यात ‘होय’ असले की खाली तांबड्या शाईत शिफारस तयारच होती. इंग्रजी नियतकालिकांची पाने मी भराभर उलटली आणि सह्या केल्या. मन कचरले नाही, आणि आजही त्याबद्दल खंत वाटत नाही. यादीच्या शेवटी मात्र एक ओळ होती: ‘मराठी (?), मासिक, जुने, अवस्था जीर्ण, मागणी शून्य, अंकीय प्रत: होय.’ त्या कंसातील प्रश्नचिन्हाने मला थांबविले. ज्या भाषेविषयी यादी करणाऱ्यालाच शंका आहे, त्या भाषेतील मासिकाची अंकीय प्रत पूर्ण आहे हे त्याने कसे ठरविले?

ग्रंथपालांची बाजू आधी सांगितली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला पाचवा असा की, ग्रंथालय ही वाढणारी सजीव संस्था आहे. वाढते ते सारे तसेच साठवून ठेवता येत नाही हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तण काढले नाही तर पीक गुदमरते. एखाद्या विज्ञानविषयक नियतकालिकाचे चाळीस वर्षांचे खंड भिंतभर पसरतात, त्यांवर धूळ साचते, पावसाळ्यात ओल धरते, कसर लागते. आणि विद्यार्थ्याला तोच लेख टेबलावरच्या पडद्यावर अर्ध्या मिनिटात मिळत असतो. त्या भिंतीशी दहा मुलांना बसून अभ्यास करता येईल असे ग्रंथपाल म्हणाला, तर त्याला ग्रंथद्वेष्टा ठरविणे अन्यायाचे होईल.

वस्तुतः अंकीय संग्रहांचा उगमच जागेच्या टंचाईत आहे. अमेरिकेतील मेलन प्रतिष्ठानचे अध्यक्ष विल्यम बोवेन हे ज्या डेनिसन विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर होते, तेथील ग्रंथालयाने जुन्या नियतकालिकांसाठी वाढीव इमारतीची मागणी केली. इमारत बांधण्याऐवजी ती पानेच प्रतिमारूपाने साठवली तर काय, असा विचार बोवेन यांच्या मनात आला, आणि त्यातून १९९५ साली ‘जेस्टोर’ ही संस्था उभी राहिली. अर्थशास्त्र व इतिहास या विषयांच्या दहा नियतकालिकांपासून तिचा आरंभ झाला. पुढे काय झाले ते आपण जाणतोच. आपल्या देशात केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. ६,००० कोटी रुपये, तीन वर्षे, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधनसंस्था असा तिचा पसारा आहे. जिल्ह्याच्या गावातील विद्यार्थ्याला जे कधी स्वप्नातही दिसले नसते ते आज त्याच्या हाताशी आले आहे. ही गोष्ट मी लहान मानीत नाही.

परंतु वर्गणी म्हणजे मालकी नव्हे. कागदाचा अंक एकदा दाखल झाला की वर्गणी थांबली तरी तो फडताळात राहतो. पडद्यावरचे दार मात्र करार असेल तोवर आणि करार सांगेल तेवढेच उघडते. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या १३,००० नियतकालिकांचा आणि यादीच्या तळाशी असलेल्या त्या मराठी मासिकाचा एकमेकांशी काही संबंध नाही. एका रकान्यातील ‘होय’ हा शब्द दोन सर्वस्वी निराळ्या वस्तूंना लावलेला होता. पहिल्या ‘होय’च्या मागे कोट्यवधींचा व्यवहार, पानपान तपासणारी माणसे आणि जगभर पसरलेल्या शेकडो प्रती आहेत. दुसऱ्याच्या मागे काय आहे?

हे पाहण्यासाठी ते खंड मी खाली काढवून घेतले. कोणा निवृत्त मराठी प्राध्यापकाच्या संग्रहाबरोबर ते येथे आले होते. मासिकाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नाही. मग संगणकावर त्याची अंकीय प्रत उघडली. प्रथम ती सापडतच नव्हती. मराठी नाव रोमन लिपीत कोणी कसे लिहिले असेल याचा चार प्रकारे अंदाज केल्यावर पाचव्या खेपेस ती गवसली. वर्षाचे बारा अंक हवेत, तेथे अकरा होते. एका अंकातील दोन पाने दोनदा टिपली गेली होती आणि पुढची दोन मुळीच नव्हती. एका पानावर मजकुराच्या कडेला कोणाचा तरी अंगठा उमटला होता. त्या अंगठ्याचा मला राग आला नाही. दिवसाला शेकडो पाने यंत्राखाली सरकविणाऱ्या, अल्प मोबदल्यावर राबणाऱ्या एखाद्या मुलाचा तो अंगठा. ते मासिक काय आहे हे त्याला कोणीच सांगितले नसणार. तथापि मुखपृष्ठे आणि जाहिराती त्या प्रतीत नव्हत्या हे मला लागले. पूर्वी ग्रंथालये वर्षाचे अंक बांधताना वेष्टने व जाहिरातींची पाने बहुधा काढून टाकीत, आणि अशाच खंडावरून ही प्रत केलेली असावी. आमच्या प्राध्यापकांनी मात्र घरच्या घरी जिल्दगराकडून सारे तसेच बांधून घेतले होते. अंकाची किंमत, टपालखर्च, शिवणयंत्रे, केशतेले, पोच आलेल्या पुस्तकांची नावे हे सारे त्यात होते. एका जाहिरातीच्या समासात त्यांच्या बारीक अक्षरात कसलासा हिशेबही होता.

हा प्रश्न आजचा नाही, याआधी तो सूक्ष्मपटाच्या रूपाने आला होता. विसाव्या शतकात अमेरिकेतील ग्रंथालयांनी लाकडाच्या लगद्याचा कागद लवकरच चुरा होऊन जाणार असे गृहीत धरून वृत्तपत्रांचे सूक्ष्मपट घेतले आणि मूळ फाइली टाकून दिल्या. कागद जगेल की नाही हे ठरविण्याची एक परीक्षा होती: पानाचा कोपरा एकदा पुढे, एकदा मागे दुमडायचा आणि कितव्या घडीला तुटतो ते पाहायचे. निकल्सन बेकर या लेखकाने २००१ साली या परीक्षेचेच नाव देऊन ‘डबल फोल्ड’ हा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे साधे होते. वाचणारा माणूस पान उलटतो, कोपरा मागेपुढे दुमडीत बसत नाही. आणि ज्यांचे मरण वर्तविले गेले होते ते कागद पुष्कळ ठिकाणी सुस्थितीत आहेत. १९९९ साली ब्रिटिश लायब्ररीने आपल्याकडील अमेरिकन वृत्तपत्रांच्या फाइली विकावयास काढल्या, तेव्हा बेकरने पदरमोड करून त्यांतल्या पुष्कळ विकत घेतल्या. २००४ साली तो संग्रह ड्यूक विद्यापीठाकडे गेला. बेकरचा सूर कोठे कोठे फार चढतो आणि सारेच ग्रंथपाल त्याला खलनायक दिसतात, हे मला पटत नाही. पण त्याने मांडलेला हिशेब चुकीचा नव्हता. प्रत्येक ग्रंथालयाने दुसऱ्याकडे मूळ असेलच असे मानले आणि सगळ्यांनीच आपापले टाकले, तर ते दुसरे ग्रंथालय कोठे उरते?

आता आपल्या घरी येऊ. आपला गेल्या दोन शतकांचा वैचारिक इतिहास ग्रंथांपेक्षा नियतकालिकांत अधिक आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, ‘दिग्दर्शन’ १८४० साली. लोकहितवादींची शतपत्रे ग्रंथ म्हणून लिहिली गेलेली नाहीत. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात ती सुटी सुटी छापून आली. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ ही मासिक पुस्तिका होती. १८६७ साली सुरू झालेले ‘विविधज्ञानविस्तार’ वगळून मराठी समीक्षेचा इतिहास लिहिता येणार नाही. आज या लेखनाचे आपण जे खंड वाचतो, ते कोणी तरी अंक जपले म्हणून.

पण ही झाली नामवंतांची कथा. माझ्या मनात एक दुसरेच उदाहरण आहे. तेव्हाच्या अहमदनगरास अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे पत्र काढले. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता आणि सुशिक्षित मराठी समाजाचा त्यावर रोष असे. या पत्राच्या १५ फेब्रुवारी १८५५ आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत एक निबंध दोन भागांत छापला गेला. मांग आणि महार यांच्या दुःखाविषयीचा तो निबंध. लेखिका होती मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, चौदा वर्षांच्या आसपासची मांग समाजातील मुलगी. ज्यांना वेद ऐकण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या मुलीने विचारला होता. पेशवाईतील अत्याचार, मजुरीची वाण, बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसणे हे सारे तिने लिहिले. दलित स्त्रीच्या हातचे छापील गद्य म्हणून याच्या आधीचे काही आपल्यापाशी नाही असे अभ्यासक मानतात.

आता माझ्या यादीतील सात रकाने त्या फाइलीला लावून पाहा. भाषा: मराठी. विषय: मिशनऱ्यांचे धर्मपत्र. अवस्था: जीर्ण. मागणी: शून्य. १९०० साली, १९२० साली, १९५० साली कोणत्याही समितीने हेच उत्तर लिहिले असते, आणि नियमाला धरून लिहिले असते. शंभर वर्षे ज्याला कोणी विचारीत नाही आणि एक दिवस ज्याच्यावाचून इतिहास उभा राहत नाही, असे पान ‘गेल्या पाच वर्षांतील मागणी’ या मापात बसत नाही. मुक्ताबाईंचा निबंध वाचला तो त्याचे मोल कोणाला कळले होते म्हणून नव्हे. कोणी तरी आळसाने म्हणा, शिस्तीने म्हणा, ती फाइल टाकली नाही म्हणून.

‘मूकनायका’चेही तसेच. डॉ. आंबेडकरांचे हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ तयार झाला नव्हता. ज्याची जाहिरातही नको होती, त्याचे अंक त्या काळच्या किती वाचनालयांनी घेऊन बांधून ठेवले असतील? ‘मूकनायक’ आणि १९२७ ते १९२९ या काळातील ‘बहिष्कृत भारत’ यांचे पुनर्मुद्रण महाराष्ट्र शासनाने १९९० साली केले, वसंत मून यांच्या संपादनाखाली. त्यानंतर ते अंक सर्वांचे झाले. तेलीबागेजवळ, याच रायबरेली रस्त्यावर १९९६ साली स्थापन झालेले बाबासाहेब भीमराव आंबेडकर केंद्रीय विद्यापीठ आहे. त्याच्या दारावरून जाताना माझ्या मनात अनेकदा येते की, ज्या माणसाचे नाव येथे दगडात कोरले आहे, त्याचे शब्द काही काळ मोजक्या घरांतील पिवळ्या कागदांवर अवलंबून होते.

जपणारी माणसे आपल्याकडे झाली नाहीत असे नाही. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांची सूची करण्यात आयुष्य वेचले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १८०० ते १९५० या काळातील नियतकालिकांची सूची सिद्ध केली, तीतही त्यांचा हात होता. भोपाळला १९८४ साली विजयदत्त श्रीधर यांनी वृत्तपत्रांचे एक संग्रहालयच उभारले. त्याला नाव दिले आहे माधवराव सप्रे यांचे. हे मराठी गृहस्थ १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढीत आणि त्यांनीच पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. मराठीभाषकांनी उत्तरेत केलेले काम उत्तरेतच कोणी जपावे, याचा मला लखनौत राहणारा मराठी माणूस म्हणून विशेष संतोष वाटतो. लखनौनेही १९२२ साली ‘माधुरी’ आणि १९२७ साली ‘सुधा’ ही हिंदीतील दोन मोठी मासिके दिली. त्यांचे पूर्ण संच धुंडाळणाऱ्या येथील मित्रांची वणवण मी पाहिली आहे.

कागद अमर आहे असे मला म्हणावयाचे नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला केला, तेव्हा शतकाची साठवण काही तासांत विस्कटली. पण पडद्यालाही तितकेच भय आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर दरोडा पडला आणि त्या प्रचंड ग्रंथालयाची सूची व अंकीय संग्रह कित्येक महिने वाचकांना दिसेनासे झाले. आपल्याकडची ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ लाखो पुस्तकांची पाने टिपून उभी राहिली होती; तिचे संकेतस्थळ पुढे बंद पडले. त्यातील पुष्कळ प्रती आज मिळतात त्या अमेरिकेतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने उतरवून ठेवल्या म्हणून. तेव्हा कागद की पडदा हा वाद मला निरर्थक वाटतो. दोघांनी एकमेकांची राखण करावयाची आहे.

खरा प्रश्न प्रती मोजण्याचा आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली विद्यापीठांनी आणि ब्रिटिश लायब्ररीने मिळून एक व्यवस्था केली. कोणत्याही ग्रंथालयाने आपले खंड जरूर काढावेत. परंतु त्या नियतकालिकाच्या तीन प्रती, एक ब्रिटिश लायब्ररीत व दोन अन्यत्र, देशात शिल्लक आहेत अशी खात्री झाल्यावरच. नियम एवढाच. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने नव्या प्रकाशनांच्या प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांकडे जावयास हव्यात, आणि १९५६ पासून त्यात वृत्तपत्रेही आली. त्यापूर्वीच्या सव्वाशे वर्षांच्या मराठी नियतकालिकांना ते छत्र नाही. कोणाकडे कोणता अंक आहे आणि तो शेवटचा आहे काय, हे एखाद्या ग्रंथपालाला दूरध्वनी करून एका दिवसात कळेल अशी सोय हवी. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. एक सामायिक यादी आणि ती अद्ययावत ठेवणारा एक मनुष्य पुरे.

मी सरकारी नोकर आहे, म्हणून अखेर नियमपुस्तक उघडले. केंद्र शासनाचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम याबाबतीत वाटतात त्याहून शहाणे आहेत. नियम २१५ प्रमाणे, हयगय किंवा अप्रामाणिकपणा नसेल तर वाचकांना दिलेल्या हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच ग्रंथ गहाळ होणे क्षम्य आहे. परंतु दुर्मिळ ग्रंथ असेल तर त्याची किंमत काहीही असो, चौकशी झालीच पाहिजे. म्हणजे चोराने नेलेल्या दुर्मिळ खंडाची चौकशी अनिवार्य, आणि समितीने सही करून कबाड्याला दिलेल्या खंडाची नाही. कारण समितीने तो दुर्मिळ नसल्याचे आधीच लिहिलेले असते!

बैठकीत मी ही विसंगती मांडली. अध्यक्ष समंजस होते. त्यांनी विचारले, “आपण म्हणता ते ठीक, पण ठेवायचे कोठे? आणि हे वाचणार कोण?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथपालबाईंनी दिले: जिन्याखाली एक कोरडे कपाट आहे. दुसऱ्याचे उत्तर कोणाजवळच नव्हते, माझ्याजवळही नाही. शेवटी त्या ओळीपुढची तांबडी शिफारस खोडली गेली आणि मी शेरा लिहिला: ‘मराठी मासिक, अंकीय प्रत अपूर्ण. महाराष्ट्रातील ग्रंथालयांकडे अन्य प्रतींची चौकशी होईपर्यंत निर्णय स्थगित.’ कंसातले प्रश्नचिन्हही मी त्याच वेळी खोडले.

चौकशीची पत्रे तीन ग्रंथालयांना गेली आहेत. एकाचे उत्तर आले: त्यांच्याकडे आठ वर्षांचे अंक आहेत, पण अंकीय प्रतीत जो अंक गळला आहे तो त्यांच्याही संचात नाही. आमच्या खंडात तो आहे. दुसऱ्या दोघांच्या उत्तराची वाट पाहत आहे.